पहिली-दुसरी एकत्र, १९ मुले, एक शिक्षक: गटात बसवून वाचन कसे घ्यावे?

रानवारा

नमस्कार. जिल्हा परिषदेची द्विशिक्षकी शाळा आहे. पहिली आणि दुसरी एकाच खोलीत माझ्याकडे, पट १९ (पहिली ८, दुसरी ११). भाषेसाठी सलग ४५ मिनिटे मिळतात. शनिवारी सकाळची शाळा, त्यामुळे तो दिवस धरत नाही.

सध्या वाचन म्हणजे मी वाचते आणि मागून सगळी म्हणतात, मग एकेकाला उभे करून एकेक ओळ. पाच-सहा मुले घडाघडा वाचतात आणि त्यांच्या आवाजात बाकीची लपतात. काही अजून अक्षर अक्षर लावतात, तिघा-चौघांची अक्षरेही पक्की नाहीत. छोटे गट करून एकेका गटाला शेजारी बसवायचे आणि शिक्षकाने जवळून ऐकायचे, ही मार्गदर्शित वाचनाची पद्धत प्रशिक्षणात पाहिली, पण तिथे ती इंग्रजी पुस्तकांवर दाखवली होती. मराठीत गट कशावर पाडायचे? एका गटाला वेळ किती? तेवढा वेळ बाकीच्या चौदा-पंधरा जणांनी काय करायचे? आणि पातळीप्रमाणे पुस्तके हाताशी नसतील तर वाचायला काय द्यायचे?

अक्षरगट

ताई, गट इयत्तेवर पाडू नका. आधी प्रत्येक मूल एकटे, इतरांपासून दूर बसवून ऐका. एकाला ४ मिनिटे पुरतात. सगळ्यांचे मिळून सव्वा तास होईल, तो चार दिवसांत विभागा. तपासायच्या गोष्टी तीनच: २० अक्षरकार्डे (पिसून घ्या, ओळीने लावली तर मूल 'क ख ग घ' पाठ म्हणते), १० शब्द, आणि न पाहिलेला ४० शब्दांचा मजकूर. शब्दांत दोन बिनकान्याचे, दोन कान्याचे, दोन वेलांटीचे, दोन उकाराचे, एक मात्रेचा आणि एक जोडाक्षराचा ठेवा. मूल कुठे अडते ते एवढ्यात दिसते.

यातून बहुधा चार गट निघतात. 'अ' गटाची अक्षरे कच्ची असतात, किंवा अक्षरे येतात पण जोडून शब्द होत नाही. 'ब' गटाला कान्याचे शब्द जमतात, वेलांटी आणि उकार आले की गोंधळ होतो. 'क' गटाला सगळ्या मात्रा येतात, पण लांब शब्द आणि जोडाक्षरे अडवतात. 'ड' गट वाचतो, पण सपाट, अर्थाकडे न बघता. गटात ३ ते ५ मुले असावीत. सहावे मूल आले की १५ मिनिटांत सगळ्यांचे नीट ऐकून होत नाही.

४५ मिनिटांपैकी पहिली १५ सगळ्या वर्गाला गोष्ट वाचून दाखवायला ठेवा आणि काहीही झाले तरी ती कापू नका. ज्यांना अजून वाचता येत नाही त्यांना पुस्तकाची भाषा तेवढ्या वेळातच कानावर पडते. उरलेल्या ३० मिनिटांत रोज दोन गट. पाच दिवसांत दहा पाळ्या होतात, त्या अशा वाटा: 'अ' ४, 'ब' ३, 'क' २, 'ड' १. समान वाटणी दिसायला न्याय्य वाटते, पण 'ड' गट तुमच्याशिवाय सराव करू शकतो आणि 'अ' गट करू शकत नाही.

एका पाळीची आखणी:

– २ मिनिटे: कालचा मजकूर पुन्हा.
– २ मिनिटे: नव्या मजकुराची ओळख. चित्रावर बोलणे, दोन-तीन अवघड शब्द पाटीवर लिहून दाखवणे.
– ७ मिनिटे: प्रत्येकाने स्वतःचा मजकूर, बोट ठेवून, हळू आवाजात वाचणे.
– २ मिनिटे: काय वाचले त्यावर गप्पा.
– २ मिनिटे: जे अडले त्या एकाच अक्षराचे किंवा मात्रेचे काम, पाटीवर.

मधली ७ मिनिटे सगळ्यात महत्त्वाची. तिथे एकेकाने एकेक ओळ वाचायची नाही. पाच मुलांत एकेक ओळ वाटली तर प्रत्येक मूल दीड मिनिटदेखील वाचत नाही, उरलेला वेळ आपली ओळ कोणती ते मोजत बसते. सगळी एकाच वेळी वाचतात, पण सुरुवात मागेपुढे करायची: पहिल्याला खूण करा, २० सेकंदांनी दुसऱ्याला. एकदम सुरू केले की दोन ओळींत कोरस होतो. तुम्ही एकेकाकडे वाकून मिनिटभर ऐका, ज्याचे ऐकताय त्याने आवाज थोडा वाढवायचा. मुलांना अर्धगोलात बसवा, त्यांची पाठ वर्गाकडे आणि तुमचे तोंड वर्गाकडे.

मूल अडले की लगेच शब्द सांगू नका. मनात पाच आकडे मोजा. मग बोट ठेवून विचारा, "हे अक्षर कुठलं? त्याला काय लागलंय?" मग जोडायला सांगा. तरीही नाही झाले तर शब्द सांगून पुढे जाऊ द्या. एकाच शब्दावर अर्धे मिनिट गेले तर वाक्य हातचे जाते.

'अ' गटाची नेहमीची अडचण: मूल 'ब', 'द', 'क' बरोबर म्हणते आणि तरी 'बदक' त्याच्या लक्षात येत नाही. कारण सुटे अक्षर म्हणताना आपण शेवटी 'अ' पूर्ण उच्चारतो आणि बोलताना 'बदक'मधल्या 'क'चा 'अ' गळतो. 'बसला', 'घरटे' अशा शब्दांत तर मधला 'अ' जातो. म्हणून अक्षरे ओळखून झाली की "आता भरभर म्हण, मग बोलतो तसं म्हण" अशा दोन पायऱ्या रोज करून घ्या. असे मूल अक्षरात कच्चे नसते, जोडण्यात कच्चे असते. त्याला पुन्हा मुळाक्षरे गिरवायला बसवले तर महिना फुकट जातो.

खडूफळा

बाकीच्या मुलांबद्दल लिहितो, कारण ही पद्धत मोडते ती बहुतेक वेळा तिथेच.

पहिले दोन-तीन आठवडे गटवाचन सुरूच करू नका. त्या काळात फक्त स्वतंत्र कामाची सवय लावा आणि तुम्ही फिरून बघा. पहिल्या दिवशी ५ मिनिटे, मग ८, मग १५. मुले १५ मिनिटे तुमच्याशिवाय बसू लागली की पहिला गट बोलवा. ही घाई केली की आठवड्यात शिक्षक गटात बसल्या बसल्या मागे ओरडत असतात आणि "आमच्या मुलांना हे जमत नाही" म्हणून सगळे बंद होते.

स्वतंत्र कामाची कसोटी एकच: मुलाला ते कोणाला न विचारता करता आले पाहिजे. नवी स्वाध्यायपत्रिका इथे चालत नाही, कारण प्रत्येक सूचनेला मूल तुमच्याकडे येते. तीन कामे पुरतात, तीच वर्षभर चालवा, फक्त मजकूर बदला.

एक, जोडीवाचन. प्रत्येक गटाचा खोका, त्यात फक्त गटात वाचून झालेले मजकूर. दोघांत एकच प्रत द्या: एक वाचतो, दुसरा बोट ठेवतो, पान संपले की अदलाबदल. दोन प्रती दिल्या की दोघे दोन दिशांना जातात.

दोन, शब्द बनवणे. काड्यापेटीत आठ-दहा अक्षरकार्डे आणि चार मात्राकार्डे. बनलेला प्रत्येक शब्द पाटीवर लिहायचा, म्हणजे काम झाले की नाही ते तुम्हाला नंतर दिसते. 'अ' गटाला क, म, न, ब, द आणि काना एवढेच द्या. त्यातून काका, मामा, नाक, कान, काम, मान, बाक, मका, कमान, बदक होतात आणि 'मामा, नाक दाबा' असे वाक्यही होते. मुळाक्षरांच्या क्रमाने शिकवत गेलो तर क, ख, ग, घ, ङ झाल्यावर हातात वाचण्याजोगे काहीच नसते. म्हणून अक्षरे अशा संचांनी आणि स्वरचिन्हांसकट शिकवावीत. फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेत मॅक्सीन बर्नसन यांनी आणि पालघर जिल्ह्यात 'क्वेस्ट' या संस्थेने मराठी वाचनाच्या सुरुवातीवर बरेच काम केले आहे, त्यांचे साहित्य मिळाले तर जरूर बघा.

तीन, चित्र काढून त्याखाली लिहिणे. 'अ' गट एक शब्द, 'ड' गट तीन ओळी. शुद्धलेखन त्या वेळी तपासू नका.

व्यत्यय बारीकसारीक असतात आणि त्यांची सोय आधी करावी लागते. टोक केलेल्या चार जादा पेन्सिली डब्यात, पाण्याची बाटली जवळ, शू-शीला जायचे असल्यास दाराशी टांगलेली पट्टी गळ्यात घालून न विचारता जायचे (पट्टी एकच, म्हणजे एका वेळी एकच जण). तुम्ही गटात असताना तुमच्याजवळ लाल रुमाल टांगा: रुमाल आहे तोवर प्रश्न दुसरीतल्या गटप्रमुखाला. लागले-पडले तर मात्र थेट तुमच्याकडे, हे स्पष्ट सांगा.

पाटीपेन्सिल

मजकुराबद्दल.

इंग्रजी वाचनमालांच्या पातळ्या मराठीत उचलून चालत नाहीत. आपली लिपी उच्चाराला बरीच धरून आहे. अक्षर आणि मात्रा आली की अनोळखी शब्दही वाचता येतो. अडचण येते ती तीन ठिकाणी: स्वरचिन्हे, जोडाक्षरे, आणि प्रत्यय जोडून लांबलेले शब्द. 'झाडाखालच्या' हा गणतीत एकच शब्द, पण पाच अक्षरे, चार काने आणि एक जोडाक्षर. म्हणून पातळी ठरवताना पानावरचे शब्द मोजून थांबू नका, हे तीन बघा.

माझी ढोबळ विभागणी अशी. 'अ' गटासाठी पानावर एक ओळ, २ ते ४ शब्द, शिकवलेलीच अक्षरे, एकच वाक्य दर पानावर एक शब्द बदलून. 'ब' गटासाठी पानावर दोन-तीन ओळी, सगळ्या मात्रा, शब्द चार अक्षरांपर्यंत. 'क' गटासाठी पानावर चार-पाच ओळी, लांब शब्द आणि सोपी जोडाक्षरे. 'ड' गटाला कोणतीही छोटी गोष्ट, कोडी, कविता. बालभारतीचे 'किशोर' मासिक १९७१ पासून निघते आणि त्याचे जुने अंक संकेतस्थळावर मोफत आहेत. त्यातला मोठा मजकूर दुसरीला जड जातो, कोडी आणि छोट्या कविता चालतात.

जोडाक्षरे शेवटी शिकवायची ही आपली जुनी रीत आहे, पण मराठी गोष्ट त्यांच्यावाचून दोन ओळी पुढे सरकत नाही. 'त्या', 'त्याने', 'म्हणाला', 'म्हणून', 'होत्या', 'घराच्या' हे लगेच येतात. म्हणून 'ब' गटातच त्य, च्य, म्ह एवढी तीन जोडाक्षरे शब्दांसकट ओळखीची करून टाका. रफार, 'क्र'-'ट्र' आणि 'ऱ्या' ही र-ची रूपे मागाहून, एका वेळी एक.

पुस्तके नसतील तर 'प्रथम बुक्स'चे स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ आहे, २०१५ पासून. गोष्टी मुक्त परवान्याच्या आहेत, श्रेय कायम ठेवून छापता येतात. पण पातळी १ लिहिले आहे म्हणून डोळे मिटून घेऊ नका. बऱ्याच गोष्टी दुसऱ्या भाषेतून आलेल्या आहेत आणि चित्रे सोपी असली तरी पहिल्याच पानावर 'आश्चर्य' निघू शकते. पहिली दोन पाने तपासा: 'अ' गटासाठी जोडाक्षर एकही नको, 'ब' साठी वरची तीन सोडून एखादेच.

'अ' गटाचे मजकूर मात्र हातानेच लिहावे लागतात. ए-४ कागदाला घड्या घालून मधे एक काप दिला की आठ पानांची पुस्तिका होते, शिवण लागत नाही. अक्षराची उंची ८ ते १० मिलिमीटर ठेवा, दोन शब्दांत एक बोट बसेल एवढी जागा, आणि ओळींत भरपूर अंतर, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडतो. एक लिहा, गटात जितकी मुले तितक्या झेरॉक्स.

चित्रांबाबत अक्षरगट यांनी थोडक्यात लिहिले आहे, त्यात भर. वाचण्याआधी चित्रावर बोलावे, हे बरोबर. पण शब्द अडल्यावर "चित्र बघून सांग" असे कधी म्हणू नये. ही सवय इंग्रजीतल्या मार्गदर्शित वाचनातून आली आहे आणि तिथेही तिच्यावर आता बरीच टीका होते. चित्रात मांजर आहे आणि शब्द 'मनी' आहे, तर मूल 'मांजर' म्हणून मोकळे होते आणि अक्षराकडे बघतच नाही. क्रम असा हवा: आधी अक्षरे, मग चित्राशी आणि वाक्याशी जुळते का ते पाहणे.

रानवारा

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन अडचणी आताच दिसतायत. आमच्याकडे 'अ' गटातली मुले एकदा ऐकलेला मजकूर पाठच करतात. बोट एका शब्दावर, तोंडात दुसराच शब्द. हे कसे ओळखायचे आणि थांबवायचे? दुसरे, नोंद किती आणि कशी ठेवायची? अधिकारी भेटीला आले की दुसरीच्या मुलाचे मिनिटाला शब्द किती, हेच आधी विचारतात.

अक्षरगट

पाठ होणे वाईट नाही, त्याच्यावर थांबणे वाईट. चार उपाय आहेत. वाचून झाल्यावर उलट्या क्रमाने कुठल्याही शब्दावर बोट ठेवून विचारा. तेच वाक्य पट्टीवर लिहून शब्द कापा, मिसळा आणि लावायला सांगा. चित्र हाताने झाका. आणि दुसऱ्या दिवशी त्याच मजकुरात एक शब्द बदलून आणा, 'मामा'च्या जागी 'काका'. जे मूल बदल पकडते ते वाचतेय. मूळ मजकूर तुम्ही आधी वाचून दाखवत असाल तर तेही बंद करा. गटातल्या नव्या मजकुराचा पहिला आवाज मुलाचाच असला पाहिजे.

सातपुडा

नोंदीबद्दल. न्यूझीलंडच्या वाचन-संशोधक मेरी क्ले यांची चालत्या नोंदीची पद्धत इथे उपयोगी पडते, थोडी बदलून. मजकुराची एक प्रत तुमच्या हातात. बरोबर शब्दावर टिक, चुकलेल्यावर मुलाने जे म्हटले ते जसेच्या तसे लिहायचे, गाळलेल्यावर आडवी रेघ, स्वतः सुधारले तर 'स्व' (ती चूक धरायची नाही). एका पाळीत एकाच मुलाची नोंद करा. 'अ' गटाच्या सगळ्यांची आठवड्यात होते, 'ड' गटाच्या एका मुलाची पाळी महिन्याभराने येते, चालते. ४० शब्दांच्या मजकुरात ० ते २ चुका असतील तर मजकूर सोपा, ३-४ असतील तर शिकायला योग्य, ५ किंवा जास्त असतील तर अवघड. म्हणजे दहात नऊ शब्द बरोबर हवेत. हे प्रमाण इंग्रजी मुलांवरून आलेले आहे, त्यामुळे मराठीत त्याला अंदाजच समजा. खरी किंमत चुकांच्या जातीला आहे.

काही चुका नेहमीच्या. घ-ध, भ-म, थ-य, ब-व यांत गोंधळ: हा नजरेचा आहे, दोन्ही अक्षरे शेजारी लिहून नेमका फरक मुलाकडून दाखवून घ्यावा. 'ख' सुटा लिहिला की 'रव' वाचतात, म्हणून हस्तलिखितात तो जोडून लिहा. 'कि'मध्ये वेलांटी डोळ्यांना आधी दिसते आणि उच्चार नंतर येतो, त्यामुळे मूल वेलांटीपाशी थबकते किंवा ती मागच्या अक्षराला लावते. अशा मुलाला सांगा: आधी उभे अक्षर, मग मागे बघ. च, ज, झ यांचे दोन-दोन उच्चार आहेत ('चाक' आणि 'चहा', 'जागा' आणि 'जीव'). मुलाने चुकीचा लावला तर दुसरा लावून बघ म्हणायचे, वाचनाची चूक धरायची नाही.

बोलीही चुकीत मोजू नका. 'पाणी' असे लिहिलेले असते आणि मूल 'पानी' वाचते, वऱ्हाडात 'डोळा'चे 'डोया' होते: याचा अर्थ मुलाने शब्द वाचला, समजला आणि आपल्या बोलीत म्हटला. तिथे थांबवून ण आणि ळ घोटायला लावले की मूल मान वर करून तुमचे तोंड बघत वाचायला लागते. उच्चाराचे काम वेगळ्या वेळी. भिली, वारली, कोरकू बोलणारी मुले असतील तर सुरुवातीच्या चित्रगप्पा आणि शेवटच्या अर्थाच्या गप्पा त्यांच्या भाषेत होऊ द्या. तुम्हाला ती येत नसेल तर गटातले एक मूल सांगेल. कोरकू तर मराठीच्या कुळातलीच नाही, तिथल्या पहिलीच्या मुलाला 'ओसरी' अक्षरे लावून वाचता येईल, पण अर्थ तुम्ही दाखवल्याशिवाय कळणार नाही.

वेगाबद्दल. केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानाचे लक्ष्य दुसरीअखेर मिनिटाला ४५ ते ६० शब्द, अर्थासह, असे आहे. 'अर्थासह' हा भाग विसरला जातो. वेग वाढतो तो तोच मजकूर सलग तीन-चार दिवस पुन्हा वाचल्याने, म्हणूनच पाळीची पहिली २ मिनिटे आणि जोडीवाचन. घड्याळ लावून दटावल्याने मूल शब्दांचे शेवट गिळते आणि मराठीत सगळा अर्थ शेवटाला असतो: 'घरात', 'घरातून', 'घराला'. गटात घड्याळ आणू नका. महिन्यातून एकदा, एकट्याला, मोबाइलवर मिनिट लावून मोजा आणि वहीत लिहा. भेटीला आलेल्यांना ती वही दाखवता येते.

गट दर पाच-सहा आठवड्यांनी नव्याने पाडा, मधेही एखादे मूल हलवायला हरकत नाही. ऊसतोडीला जाणारी घरे असतील तर दिवाळीनंतर गट एकदम विस्कटतात. जाणाऱ्या मुलाबरोबर वाचून झालेल्या सात-आठ पुस्तिका प्लॅस्टिकच्या पिशवीत द्या. नव्या नकोत, तिथे अडले तर विचारायला कोणी नसते. परत आल्यावर ४ मिनिटांची तीच तपासणी करून मगच गट ठरवा.

रानवारा

सोमवारी तपासणी सुरू करते. एक शेवटचे: 'ड' गटाला आठवड्यात एकच पाळी, तर त्या १५ मिनिटांत नेमके काय घ्यावे?

पाटीपेन्सिल

त्यांचे मोठ्याने वाचन कमी करा. मजकूर आदल्या दिवशी देऊन मूकवाचन करायला सांगा आणि पाळीत तीन गोष्टी घ्या. एक प्रश्न ज्याचे उत्तर ओळीत सरळ लिहिलेले नाही ("कोल्हा परत का आला असेल? कुठल्या ओळीवरून कळतं?"). एक न कळलेला शब्द, त्याच्या मागच्या-पुढच्या वाक्यावरून अर्थ काढायला. आणि संवाद असलेला परिच्छेद, पात्रे वाटून घेऊन, अवतरणचिन्ह आणि प्रश्नचिन्ह बघून आवाज बदलत. सपाट वाचणाऱ्या मुलाला विरामचिन्हे दिसतच नसतात, पेन्सिलने गोल करून मग वाचायला लावले की फरक त्याच पाळीत ऐकू येतो. वेळ उरला तर तोच परिच्छेद त्यांनी शुक्रवारी गोष्टीच्या १५ मिनिटांत सगळ्या वर्गाला वाचून दाखवावा, त्यासाठी ती आठवडाभर आपापली तयारी करतात.